शब्दाची अर्थाशी गाठ कोण मारतं? भाषिक चिन्हांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाचे दिवस आले की पावशा ओरडायला लागतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्यात 'पेर्ते व्हा' ऐकू येतं. हिंदी मुलखात तोच पक्षी 'पी कहाँ' असं विचारतो. बंगालमध्ये तो 'चोख गेलो', म्हणजे 'डोळा गेला', असं रडतो. उकाड्याने हैराण झालेल्या इंग्रज साहेबांना त्याने 'ब्रेन फीवर' सुनावलं, म्हणून त्यांनी त्याचं नावच ते ठेवून टाकलं. पक्षी एक, गळा एक, अर्थ चार. भाषेबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, ते फिरून फिरून या पक्ष्यापाशीच येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

भाषिक चिन्ह म्हणजे काय? शब्दालाच दिलेलं भारदस्त नाव का?

बरंचसं तसंच, पण त्यात एक मेख आहे. शब्द म्हणजे वस्तूवर डकवलेली चिठ्ठी, अशी आपली समजूत असते. समोर झाड उभं आहे, त्याला 'झाड' नावाची चिठ्ठी लावली, काम झालं. जिनिव्हाचे भाषावैज्ञानिक फर्डिनांड द सोस्यूर (१८५७–१९१३) यांनी ही चिठ्ठीची कल्पना मोडीत काढली. चिन्हाला दोन अंगं असतात, असं त्यांनी मांडलं. 'झाड' या उच्चाराचा मनात उमटलेला ठसा हे एक अंग. त्याला मराठीत चिन्हक म्हणतात. झाडाची कल्पना हे दुसरं अंग, ते चिन्हित. दोन्ही अंगं मनातली. अंगणातलं खरं झाड या हिशेबात कुठे येतच नाही.

पटत नसेल तर ओठ न हलवता मनातल्या मनात 'झाड' म्हणा. हवा हलली नाही, कानावर काही पडलं नाही, तरी शब्द ऐकू आल्यासारखा झाला. तो ठसा म्हणजे चिन्हक. कागदाची एक बाजू कापायला जावं तर दुसरीही कापली जाते, तशी ही दोन अंगं एकमेकांना चिकटलेली, असा सोस्यूर यांचा दृष्टान्त होता.

त्यांनी हे सगळं १९०७ ते १९११ या काळात तीन व्याख्यानमालांमधून सांगितलं. त्यावर पुस्तक लिहिलं नाही. ते गेल्यावर बाली आणि सेशए या त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून १९१६ साली ग्रंथ सिद्ध केला. ते दोघे स्वतः त्या व्याख्यानांना बसले नव्हते! चिन्हांचा एवढा मोठा जाणकार आपल्याला भेटतो तो दुसऱ्यांच्या हस्ताक्षरातून.

हे सगळं आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं ना?

प्रश्न नक्की विचारून झाला होता, आणि तोही फार देखण्या रीतीने. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात व्याकरणकार पतंजलीने आपल्या 'महाभाष्या'च्या सुरुवातीलाच विचारलं: 'गाय' म्हटल्यावर त्यातला शब्द कोणता? ती पोळी, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगं असलेली वस्तू म्हणजे शब्द का? नाही, ते द्रव्य झालं. मग तिचा रंग? तो गुण झाला. जे उच्चारल्यावर पोळी-शेपूट-वशिंडवाल्या जनावराचा बोध होतो, तो शब्द. आणखी एक टोला त्याने मारला आहे. घट हवा असला की माणूस कुंभाराच्या घरी जाऊन 'घट करून दे' म्हणतो, पण बोलायचं आहे म्हणून कुणी वैयाकरणाच्या घरी जाऊन 'शब्द करून दे' म्हणत नाही. भाषाशुद्धीच्या समित्यांच्या दारावर लावावं असं हे वाक्य आहे.

पुढे यावर कडाक्याचं भांडण झालं. वेदाचा अर्थ लावणारे मीमांसक म्हणत, शब्द-अर्थाचं नातं मुळातलं आहे, कुणी जोडलेलं नाही. तर्कशास्त्रवाले नैयायिक म्हणत, ते नातं संकेताने ठरतं. नातं जर जन्मजात असेल तर 'अन्न' म्हटल्यावर तोंड घासाने भरायला हवं, 'अग्नी' म्हटल्यावर जीभ भाजायला हवी आणि 'तलवार' म्हटल्यावर ओठ चिरायला हवा, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद. बौद्धांमधला दिङ्नाग आणखी तिसरंच सांगत होता. 'गाय' या शब्दाचा अर्थ 'जे गाय नाही त्या सगळ्याला वगळून उरतं ते', असं त्याचं म्हणणं होतं.

सोस्यूर संस्कृत शिकवत. त्यांचा लाइपझिगचा प्रबंधसुद्धा संस्कृतातल्या षष्ठी विभक्तीच्या एका खास प्रयोगावर होता. तेवढ्यावरून 'आमचंच उचललं' असं म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. दोघांना पडलेली कोडी वेगळी होती. मीमांसकांना वेदाचं प्रामाण्य टिकवायचं होतं. सोस्यूर यांना भाषा हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय म्हणून उभा करायचा होता.

शब्द आणि अर्थ यांचं नातं खरोखर मनमानी असतं का?

'शिक्षा' हा शब्द घ्या. मराठी मुलाला तो ऐकून छडी आठवते आणि हिंदी मुलाला शाळा. (काही मुलांना दोन्ही एकदम आठवतं, पण तो भाषाविज्ञानाचा विषय नाही.) 'चेष्टा' म्हणजे मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. मूळ एकच, ध्वनी तेच, अर्थ लांब लांब गेले. ध्वनीतच अर्थ भरलेला असता तर असं झालं नसतं. पतंजलीनेही हे टिपून ठेवलं आहे. ज्या धातूपासून इतरत्र 'शव' म्हणजे प्रेत हा शब्द आला, तोच धातू कंबोज देशात 'जाणे' या अर्थाने बोलत.

पण 'मनमानी' हा शब्द जरा फसवा आहे. ध्वनीच्या बाजूने पाहिलं तर नातं मनमानी. माणसाच्या बाजूने मात्र ते फार घट्ट. मी उद्यापासून टेबलाला 'खुर्ची' म्हणायचं ठरवलं तर लोक टेबलावर बसणार नाहीत, माझ्याकडे काळजीने बघतील. राजालाही हे जमतंच असं नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी पदनामांच्या जागी संस्कृत नावं आली: मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती, पेशव्याचा पंतप्रधान. पुढच्या शतकात मराठी राज्याचा कारभार ज्यांच्या हाती गेला त्यांना लोक काय म्हणत होते? पेशवे. आजही आपण पेशवाईच म्हणतो. उलट 'महापौर' आणि 'चित्रपट' हे सावरकरांच्या खात्यावर जमा असलेले शब्द आज कुणाला घडवलेले वाटतही नाहीत. 'दिनांक' सरकारी कागदावर राहिला आणि कोर्टात मात्र अजून 'तारीख'च पडते. कोणता शब्द रुजेल हे सांगणारं सूत्र माझ्याकडे असतं तर मी जाहिरात कंपनी काढली असती.

मग कडकडाट, खळखळाट, भो भो यांचं काय? ते तर आवाजावरूनच आले आहेत.

आले आहेत, पण सरळ आले नाहीत. कोंबडा आपल्याकडे 'कुकूचकू' करतो, फ्रान्समध्ये 'कोकोरिको', जर्मनीत 'किकेरिकी', जपानमध्ये 'कोकेकोक्को' आणि इंग्लंडात 'कॉक-अ-डूडल-डू'. यात साम्य दिसतं हे खरं. तरीही प्रत्येक भाषेने कोंबड्याला आपल्या वर्णमालेत बसवूनच आरवू दिलं आहे. जपानी कुत्रा 'वान-वान' भुंकतो. पावशाचं तर विचारूच नका. तिथे आवाजाच्या नकलेला शेतीचा हंगाम, विरह आणि ताप असे वेगवेगळे मजकूर चिकटले.

तरीही सोस्यूर यांनी हा भाग जरा घाईने उरकला असं मला वाटतं. १९२९ साली मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक टोकदार आणि एक गोलसर, आणि दोन निरर्थक शब्द दिले. टोकदार आकृतीला 'ताकेते' हे नाव बहुतेकांनी न सांगता दिलं. पुढे २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' हे शब्द वापरून तेच केलं. गोल तो बूबा, अणकुचीदार तो किकी. अलीकडे २५ वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांवर हा प्रयोग झाला. बहुतेक भाषांत तोच कल दिसला, पण तुर्की, रुमानियन आणि चिनी बोलणाऱ्यांमध्ये तो दिसला नाही. म्हणजे आवाजात अर्थाची थोडी चव असते, पण ती सगळ्यांच्या जिभेवर सारखी उतरत नाही.

मराठीत या चवीचं भांडारच आहे. लुसलुशीत, खरखरीत, गुळगुळीत, भुरभुरीत, चिकचिकीत. यातल्या बहुतेकांना आवाज नाहीच, स्पर्श आहे. 'लखलख' तर नुसती डोळ्यांची. ज्याला मराठी येत नाही अशा मित्राला 'लुसलुशीत' आणि 'खरखरीत' ऐकवा आणि यातला लोण्याचा शब्द कोणता ते विचारा. बघा काय म्हणतो.

एकाच शब्दाचा अर्थ बाकीच्या शब्दांवर अवलंबून असतो, असं का म्हणतात?

कारण शब्द शेजाऱ्यांच्या कुंपणावरून आपली हद्द ओळखतो. हिंदीत 'हम' एकटा आहे. मराठीत त्याच जागेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोघे राहतात. 'आम्ही जेवायला जातोय' असं दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला सांगितलंत तर पाहुणा चप्पल घालून निघेल. 'आपण जेवायला जातोय' म्हटलंत तर पानावर बसेल. ऐकणारा धरून की सोडून, एवढाच फरक, पण मराठीत तो टाळताच येत नाही. हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून आपल्याकडे आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हिंदी भाषक मराठी शिकताना 'आम्ही'वर ठेच खातात ती याचमुळे. त्यांना शब्द माहीत असतो, कुंपण माहीत नसतं.

काळाचंही तसंच. हिंदीत 'कल' म्हणजे होऊन गेलेला आणि येणारा, दोन्ही दिवस. आपण त्यावर हसतो, कारण आपल्याकडे 'काल' आणि 'उद्या' वेगळे. पण एक दिवस आणखी सरकला की आपलाही 'परवा' दोन्ही बाजूंना तोंड करून उभा असतो. परवा आला, परवा येईल. काम क्रियापदाने भागतं, म्हणून शब्द वाढवायची गरज कुणाला वाटली नाही. इंग्रजीतल्या 'अंकल'चं भाषांतर करताना तर आधी घराण्याची चौकशी करावी लागते. तो काका, मामा, मावशीचा नवरा की शेजारी?

सोस्यूर याला चिन्हाचं मूल्य म्हणत आणि नाण्याशी तुलना करत. आपण ते मूल्य ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाहिलं. पाचशे आणि हजाराच्या नोटेचा कागद, शाई, गांधीजी, सगळं जागच्या जागी होतं. व्यवस्थेतली तिची जागा गेली आणि ती नोट म्हणजे कागद झाली.

ध्वनींनाही हेच लागू आहे का?

हो. 'काला' आणि 'काळा', 'माल' आणि 'माळ', 'वेल' आणि 'वेळ' यांत 'ल' आणि 'ळ' यांना स्वतःचा अर्थ शून्य, पण त्यांच्यातल्या अंतरावर अर्थ तोललेला असतो. 'कडा', 'खडा', 'घडा' यांत आपल्याला 'क' आणि 'ख' ठळक वेगळे ऐकू येतात. इंग्रज माणूस मात्र 'पिन' म्हणताना श्वासाचा झोत सोडतो, 'स्पिन'मध्ये सोडत नाही, आणि हे त्याच्या कधी लक्षातही येत नाही. त्याच्या भाषेत त्या अंतरावर काहीच टांगलेलं नाही. आपली लिपीही कुठे कुठे झाकते. 'जरा' थांब मधला 'ज' आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'तला 'ज' लिहायला एक, बोलायला दोन.

धूर, ताप, सिग्नलचा लाल दिवा ही सुद्धा चिन्हंच ना?

चिन्हंच, पण वेगवेगळ्या जातीची. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांनी केलेली वाटणी अजून कामाला येते. साम्यावर चालणारं चिन्ह म्हणजे प्रतिमा: नकाशा, फोटो, स्वच्छतागृहाच्या दारावरची आकृती. प्रत्यक्ष संबंधावर चालणारं म्हणजे निर्देशक: धुरावरून आग, चिखलातल्या पंजावरून बिबट्या. आणि रूढीवर चालणारं म्हणजे प्रतीक: लाल दिवा, आणि भाषेतले बहुतेक शब्द. पावशाचं ओरडणं शेतकऱ्यासाठी पावसाचं निर्देशक आहे, आणि 'पेर्ते व्हा' हे त्याच आवाजाचं प्रतीकात केलेलं भाषांतर.

शब्दाचा अर्थ एक आणि म्हणायचं भलतंच, हे ऐकणाऱ्याला कळतं तरी कसं?

मला विचाराल तर सगळ्यात रसाळ प्रश्न हाच. मराठी घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. शब्दकोश उघडला तर उलटा अर्थ. तरी आजवर कुणी 'अरे, तू तर चाललायस!' म्हणून हटकलेलं नाही. उलट चुकून 'जातो' म्हटलं तर आजी दारातून परत बोलावते.

'वाढणे' हे क्रियापद बघा. मूल वाढतं. पानात भात वाढतात. देवापुढे नारळ वाढवतात, म्हणजे फोडतात. हातातली काचेची बांगडी फुटली तर ती 'वाढवली', मंगळसूत्र तुटलं तर ते 'वाढलं'. फुटणं, तुटणं हे शब्द सौभाग्याच्या वस्तूजवळ आणायचे नाहीत म्हणून अगदी उलट्या अर्थाचा शब्द बोलावून घेतला. शब्द म्हणजे नुसता संकेत, हे आपल्या पूर्वजांनी वादात कितीही सिद्ध केलेलं असो, स्वयंपाकघरात शब्दाला वस्तूइतकंच जपलं जायचं. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि घ्यायचंच तर उखाण्याच्या वेष्टनात. नैयायिकांनी 'अग्नी म्हटल्याने जीभ भाजत नाही' असं सांगितलं खरं, पण अंधारात वाटेवर चालणाऱ्याला तेवढी खात्री नसते.

यासाठी जुन्या शास्त्रात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. सरळ अर्थ देणारी अभिधा. सरळ अर्थ अडला की बाजूचा अर्थ पकडणारी लक्षणा. 'गंगेवर गवळीवाडा' हे तिचं ठरलेलं उदाहरण. पाण्यावर वाडा बसणार नाही, म्हणून ऐकणारा 'गंगेच्या काठावर' असं समजून घेतो. 'सगळं गाव लोटलं' मध्ये आपण तेच करतो. आणि तिसरी व्यंजना, जिथे सरळ अर्थ कुठेही अडत नाही, तरी त्याच्यामागून दुसरा येतो. 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य. गुराख्याला ते 'गुरं वळवा' असं ऐकू येतं, मजुराला 'काम थांबवा', प्रियकराची वाट पाहणारीला 'आता निघ'. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने काव्याचा सगळा डोलारा या तिसऱ्या पायरीवर उभा केला. सासूबाईंचं 'आज किती उकडतंय नाही!' ऐकून सून उठते आणि पंखा लावते. तीही व्यंजनाच.

यंत्रांनी मोजलं तर मेंदू हे काम फार झपाट्याने करतो. १९८० साली कुटास आणि हिलियार्ड यांनी वाक्याच्या शेवटी विसंगत शब्द टाकून वाचणाऱ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या. 'भाकरीवर ठेचा' या जागी 'भाकरीवर मोजे' आले असं समजा. शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांच्या आसपास लहर दचकते. म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज आपण ऐकता ऐकताच बांधत असतो.

शब्दांशिवाय विचार करता येतो का?

व्याकरणाचा तत्त्वज्ञ भर्तृहरी म्हणाला असता, नाही. शब्दाने विणलेलं नाही असं ज्ञानच जगात नाही, अशी त्याची भूमिका. आजचा पुरावा मात्र त्याच्या विरुद्ध बाजूला झुकतो. पक्षाघाताने भाषा जवळजवळ पूर्ण गेलेली काही माणसं हिशेब करतात, बुद्धिबळ खेळतात, कार्यकारणाची कोडी सोडवतात. एव्हेलिना फेडोरेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं आहे की भाषा हाताळणारे भाग गणित किंवा तर्क करताना फारसे कामाला लागत नाहीत.

मग शब्द नुसते हमाल का? तेही नाही. रशियन भाषेत फिकट निळ्याला 'गलुबोय' आणि गडद निळ्याला 'सीनी' असे दोन वेगळे रंग आहेत. २००७ च्या एका प्रयोगात त्या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा रशियन लोकांनी जास्त चटकन ओळखल्या, इंग्रजी भाषकांना असा फायदा मिळाला नाही. आणि रशियन लोकांना त्याच वेळी मनात आकडे घोकायला लावले तेव्हा त्यांचाही तो फायदा नाहीसा झाला! मनातल्या मनात शब्द मदत करत होता, त्याला दुसऱ्या कामाला लावल्यावर मदत थांबली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधली गुगू यिमिदिर ही भाषा डावं-उजवं न म्हणता दिशा वापरते. तिथे 'तुझ्या उत्तरेच्या पायावर मुंगी आहे' अशा धर्तीचं बोलणं चालतं, त्यामुळे बोलणाऱ्याला दिशेचं भान चोवीस तास ठेवावं लागतं. (कांगारू हा शब्द याच भाषेतला, १७७० साली कुकच्या जहाजाने उचललेला.) 'उगवतीकडचं वावर', 'मावळतीचा बांध' असं बोलणाऱ्या आपल्या गावकऱ्याला हे नवल वाटणार नाही. शहरात आलेल्या त्याच्या नातवाला वाटेल.

शब्द सापडण्याचा क्षण मात्र विचाराला हलवून टाकतो, याचा दाखला हेलन केलर. दीड वर्षाची असताना आजारात दृष्टी आणि श्रवण गेलेली ही मुलगी बोटांनी अक्षरं गिरवायला शिकली होती, पण तो तिच्यासाठी खेळ होता. ५ एप्रिल १८८७ रोजी अलाबामात शिक्षिका ॲन सलिव्हन यांनी तिचा एक हात पंपाच्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळव्यावर 'वॉटर' लिहिलं. या खुणा म्हणजे नावं आहेत, आणि प्रत्येक गोष्टीला नाव असतं, हे त्या वेळी तिला उमगलं. पुढच्या काही तासांत तिने आणखी तीसेक शब्द शिकून घेतले.

चिन्हांची घडण बदलली तर विचार सोपा होतो का? उदाहरणार्थ, आकड्यांची नावं?

हा वाद महाराष्ट्राने घराघरात घातला आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' याबरोबर 'वीस एक, वीस दोन' अशी मांडणी आली आणि गदारोळ उठला. विनोद बाजूला ठेवले तर मुद्दा खरा होता. आपण २१ लिहिताना आधी दोन लिहितो आणि बोलताना आधी 'एक' म्हणतो. त्यात शंभरापर्यंतची बहुतेक नावं झिजून अशी झाली आहेत की 'अठ्ठेचाळीस'मधले आठ आणि चाळीस मुलाला शोधावे लागतात, आणि 'एकोणपन्नास' तर पन्नासातून उसनं घेऊन येतो. चिनी भाषेत आकडे 'दोन-दहा-एक' अशा सरळ रीतीने बोलले जातात. पण राज्यव्यवहारकोशाच्या वेळची गोष्ट इथेही आहेच: समितीला शिकवता येतं, रुजवता येतं असं नाही. भाजीवाला अजून सत्तावन्नच म्हणतो.

प्राण्यांनाही शब्द असतात का?

हाक असते. केनियातल्या अंबोसेलीच्या व्हर्वेट माकडांवर १९८० साली झालेलं काम प्रसिद्ध आहे. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी त्यांच्या इशाऱ्याच्या हाका वेगळ्या. ध्वनिमुद्रण वाजवलं तरी पहिल्या हाकेला ती झाडावर चढत, दुसरीला वर बघत, तिसरीला मागच्या पायांवर उभी राहून गवतात बघत. पण 'काल बिबट्या आला होता' असं सांगणारं माकड अजून भेटलेलं नाही. मधमाशी दूरच्या फुलांचा पत्ता नाचून सांगते, आणि कार्ल फॉन फ्रिश यांना त्या शोधासाठी १९७३ चं नोबेल मिळालं. तिच्याकडे विषय मात्र मोजकेच.

मूकबधिरांची खुणांची भाषा म्हणजे हातवारेच ना? ती तर जगभर सारखी असणार.

हा गैरसमज हट्टी आहे. अमेरिका आणि ब्रिटन दोघांची बोली भाषा इंग्रजी, पण त्यांच्या खुणांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. अमेरिकन खुणांची भाषा फ्रेंच भाषेच्या नात्यातली, कारण १८१७ साली हार्टफर्डला शाळा निघाली तेव्हा शिकवायला पॅरिसहून लोराँ क्लेर आले होते.

निकाराग्वात तर चिन्हं जन्माला येताना लोकांनी पाहिली. १९७० च्या दशकाच्या शेवटी मानाग्वात कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. शिक्षक ओठांवरून स्पॅनिश शिकवत होते, ते फारसं जमत नव्हतं. मुलं मात्र मैदानात आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून भाषा घडवत होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना एक कार्टून दाखवलं, त्यातलं मांजर उतारावरून गडगडत खाली येतं. ऐकू येणारी माणसं हातवाऱ्याने ते चित्रासारखं दाखवतात: हात गोल फिरवत खाली. शाळेत आधी आलेल्यांनीही बहुतेक तसंच केलं. नंतर आलेल्या लहान मुलांनी त्याचे दोन तुकडे केले, आधी 'गडगडणं', मग 'खाली'. चित्र फोडून त्याचे शब्द झाले, आणि हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

इमोजी ही नवी भाषा आहे का?

नाही. इमोजीला क्रियापद चालवता येत नाही आणि 'परवा नको, तेरवा ये' सांगता येत नाही. १९९९ मध्ये जपानी मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रांचा संच आला तेव्हापासून ती बोलण्याची तोंडी लावणी आहेत. पण चित्र असूनही अर्थ सगळीकडे एक राहत नाही. जोडलेले हात आपल्या कुटुंबाच्या गटावर नमस्कार, आभार, श्रद्धांजली आणि 'आता विषय संपवा' या चारही कामांना येतात. काही पाश्चात्त्यांना त्यात टाळी देणारे दोन हात दिसतात.

लहान मूल पहिला शब्द कसा शिकतं?

आधी गोंधळ घालून. 'भूभू' शिकलं की शेजारचा कुत्रा भूभू, गाय भूभू, चित्रातला घोडाही भूभू. मग 'हम्मा' येते आणि भूभूची हद्द आक्रसते. दिङ्नागाचं 'जे ते नाही ते वगळून' इथे रांगत चाललेलं दिसतं. आपण मोठी माणसंही त्याला जाणूनबुजून सोपी, आवाजाला चिकटलेली चिन्हं देतो: माऊ, काऊ, चिऊ, आणि फिरायला जायचं म्हणजे भुर्र.

ओठ मिटून उघडले की 'म' येतो, म्हणून जगभरची बाळं 'मामामा' करतात. बाळाला त्यातून काही म्हणायचं असतं की नाही कोण जाणे, पण मोठी माणसं लगेच अर्थ लावतात, आणि तो आपापल्या भाषेचा. अनेक भाषांत आई धावत येते. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील, त्यामुळे तिथे वडील खूश होतात. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचं बाळ पाळण्यात 'मामामा' करायला लागलं की तिचा भाऊ फोन खाली ठेवतो आणि घरभर सांगत सुटतो, 'बघा, पहिली हाक मला मारली!'